फायरमनचा मुलगा

इंग्लंडला गेलेला मराठी माणूस राणीचा राजवाडा पाहतो, लंडनच्या पुलापाशी उभा राहून फोटो काढतो आणि परत येताना चॉकलेटे आणतो. आम्ही मात्र आठ दिवस कोळशाच्या खाणींची गावे, जुने रूळ आणि इंजिनांच्या शेड पाहत हिंडलो, हे ऐकल्यावर शेजारच्या वहिनींनी आमच्या सौ.कडे ज्या नजरेने पाहिले ती मी विसरणार नाही. सौ. मात्र खुशीत होती. लेक-जावई लीड्सला असतात. जावयाने आठ दिवसांची रजा काढली, गाडी काढली आणि अकरा वर्षांच्या नातवाला माझ्या शेजारी बसवून म्हणाला, की आता बाबा सांगतील तिकडे जायचे.

बाबांनी काय सांगायचे ते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच ठरलेले होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू, भुसावळच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले आणि पुढे फायरमन झाले. मालगाडीच्या एका मोठ्या इंजिनाच्या अंगावर पितळेची पाटी होती. तिच्यावर काय लिहिले आहे ते त्यांनी एकदा मला विचारले. ग्लासगो, मी वाचून दाखवले. घरी आल्यावर त्यांनी माझा शाळेचा नकाशासंग्रह मागून घेतला आणि ग्लासगो कुठे आहे ते दाखवायला लावले. मी बोट ठेवले त्या जागी त्यांनीही आपला अंगठा ठेवला. कोळशाचा तो ठसा त्या पानावरून कधीच गेला नाही. तेव्हापासून आगगाडीच्या माहेरी एकदा जाऊन यायचे माझ्या मनात होते.

आगगाडीचे माहेर म्हणजे ग्लासगो नव्हे. ते त्याच्या खाली, इंग्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, टाइन नदीच्या काठी आहे. न्यूकॅसल शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर विलम नावाचे खेडे आहे. तिथे नदीकाठच्या पायवाटेवर लाल कौलांचे एक दगडी घर उभे आहे. जॉर्ज स्टीफन्सन या घरात ९ जून १७८१ रोजी जन्मला. घर बाहेरून चांगले ऐसपैस दिसते. पण त्या काळी त्यात चार कुटुंबे राहत आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच खोली येई. त्या एका खोलीत आईवडील आणि सहा मुले! वडील खाणीतले पाणी उपसणाऱ्या वाफेच्या यंत्रावर फायरमन होते. आईवडिलांपैकी कोणालाही लिहिता-वाचता येत नव्हते.

आज जी पायवाट आहे तिथे तेव्हा लाकडी रूळ होते आणि त्यांवरून घोडे कोळशाच्या वाघिणी ओढत नदीकडे नेत. आगगाडीच्या आधी रूळ होते, हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. रूळ जुने, घोडे जुने. नवे यायचे होते ते इंजिन. पोरगेला जॉर्ज दिवसाला दोन पेनी मिळवून गाई राखी आणि त्या रुळांवर जाऊ नयेत म्हणून बघे. मग कोळशातले दगड निवडणे, मग खाणीचा रहाट फिरवणारा घोडा हाकणे, मग वडिलांच्या हाताखाली भट्टीत कोळसा टाकणे. सतराव्या वर्षी तो पंपाच्या इंजिनाचा चालक झाला आणि हुद्द्याने बापाच्या पुढे गेला. सुट्टीच्या दिवशी तो इंजिन खोलून पुसायचा आणि पुन्हा जोडायचा. त्याचे सगळे शिक्षण तिथे झाले. मात्र इंजिनांविषयी पुस्तकांत लिहिलेले असते आणि ते आपल्याला वाचता येत नाही, हे त्याला सलत होते. म्हणून अठराव्या वर्षी तो पैसे मोजून रात्रीच्या शाळेत जाऊ लागला. आधी सही शिकला, मग वाचन, मग गणित. पाळी संपल्यावर लोकांचे जोडे शिवून आणि घड्याळे दुरुस्त करून तो चार पैसे जोडत असे.

विलमहून आम्ही न्यूकॅसलच्या पलीकडे किलिंगवर्थला गेलो. वाट दाखवणाऱ्या यंत्रातल्या बाईंनी आम्हाला दोनदा एकाच चौकात फिरवून आणले, तेव्हा कुठे ते घर सापडले. रहदारीच्या रस्त्याला लागून असलेले एक साधे बैठे घर, आणि दारावर भिंतीत बसवलेले दगडी सूर्यघड्याळ. त्यावर ११ ऑगस्ट १८१६ ही तारीख कोरलेली आहे. मला या संबंध प्रवासात जे पाहायचे होते ते हेच होते. यंत्रे काय, नंतर पाहिली असती तरी चालले असते.

या घरात स्टीफन्सनची सर्वांत वाईट वर्षे गेली. १८०२ साली त्याने फ्रान्सिस हेंडरसन हिच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला, रॉबर्ट. १८०५ साली झालेली मुलगी तीन आठवड्यांत गेली आणि १८०६ साली क्षयाने बायकोही गेली. पंचविशीतला हा विधुर लहानग्या रॉबर्टला मागे ठेवून कामासाठी स्कॉटलंडला गेला. परतला तो वडील खाणीतल्या अपघातात वाफेने भाजून आंधळे झालेले. साठवलेले पैसे त्यांचे कर्ज फेडण्यात आणि स्वतःऐवजी दुसऱ्या कोणाला लष्कराच्या सेवेत पाठवण्यात संपले. सगळे सोडून अमेरिकेला जावे असे त्याच्या मनात येऊन गेले. पण जहाजाच्या भाड्याला पैसे नव्हते. त्याची अविवाहित बहीण नेली घर सांभाळायला आली आणि रॉबर्टची आई झाली. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशा आत्यांना दोन ओळी मिळतात. मीही तेवढ्याच देऊ शकतो; पण तिच्यावाचून पुढचे काहीच घडले नसते.

१८११ साली जवळच्या एका खाणीतला पंप काही केल्या पाणी उपसेना. जाणकार थकले. स्टीफन्सनने तो खोलला, बदल केले, आणि खाण कोरडी झाली. पुढच्या वर्षी तो वर्षाला शंभर पौंडांवर किलिंगवर्थच्या खाणीचा मुख्य यंत्रकार झाला. १८१४ साली त्याने पहिले चालते इंजिन बांधले. चढावर तीस टन माल ताशी चार मैलांनी ओढणारे. चालत्या इंजिनाचा शोध त्याचा नव्हे, हे इथे सांगितले पाहिजे. रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ सालीच वेल्समध्ये रुळांवर इंजिन चालवले होते, आणि विलमच्या खाणीत विल्यम हेडलीचे इंजिनही धावत होते. पण एकदा चालले म्हणजे रोज चालेलच असे नाही. रूळ पिचत, चाके घसरत, बॉयलर फुटत. स्टीफन्सनने इंजिन आणि रूळ या दोन्हींचा मिळून विचार केला आणि ते रोज चालवून दाखवले.

याच सुमारास त्याने आणखी एक धाडस केले. खाणीत ज्वालाग्राही वायू असे आणि उघड्या दिव्याने स्फोट होत. १८१२ साली जवळच्या फेलिंग खाणीत एका स्फोटात ९२ माणसे मेली होती. स्टीफन्सनने बारीक छिद्रांतून हवा घेणारा सुरक्षित दिवा तयार केला आणि ऑक्टोबर १८१५ मध्ये जिथे वायू सुटत होता तिथे तो पेटता दिवा हातात घेऊन स्वतः गेला. त्याच महिन्यांत लंडनमध्ये सर हंफ्री डेव्ही या नामांकित शास्त्रज्ञाने जाळीचा दिवा सिद्ध केला. डेव्हीला दोन हजार पौंडांचे बक्षीस मिळाले आणि स्टीफन्सनवर चोरीचा आळ आला. ज्याला धड लिहिता येत नाही असा खाणकामगार असला शोध लावीलच कसा, हा त्यामागचा हिशेब. गावाकडच्या लोकांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवले आणि वर्गणी काढून हजार पौंड दिले. पार्लमेंटच्या समितीने दोघांचाही हक्क मान्य करायला १८३३ साल उजाडले.

आपल्या वाट्याला हे आले ते मुलाच्या वाट्याला येऊ नये, हा ध्यास त्याने घेतला. रॉबर्टला न्यूकॅसलच्या चांगल्या शाळेत घातले. जाण्यायेण्यासाठी एक गाढव घेऊन दिले. शहरातल्या विद्वत्सभेच्या ग्रंथालयातून रॉबर्ट पुस्तके आणी. जी बाहेर नेता येत नसत त्यांतल्या आकृत्या उतरवून आणी. रात्री पाळीवरून आलेला बाप आणि शाळेतून आलेला मुलगा दिव्यापाशी बसत. मुलगा वाचून सांगे आणि बाप शिके. फी एकाची आणि शिक्षण दोघांचे! दारावरचे सूर्यघड्याळ हे त्या दोघांनी मिळून केलेले गणित आहे. किलिंगवर्थचे अक्षांश काढून, सावलीचा हिशेब करून बारा वर्षांच्या रॉबर्टने आणि पस्तिशीच्या जॉर्जने ते घडवले.

तिथे उभा असताना मला भुसावळचे आमचे रेल्वे क्वार्टर आठवत होते. आप्पांना ड्रायव्हरच्या परीक्षेला बसायचे होते आणि नियमांचे पुस्तक इंग्रजीत होते. मी सहावीत. रोज रात्री मी एकेक नियम वाचायचा, अर्थ सांगायचा आणि त्यांनी तो घोकायचा. मला खेळायला जायचे असे. मी भराभर वाचे, त्यांनी पुन्हा विचारले की वैतागे. एकदा तर पुस्तक आपटून उठून गेलो. ते काही बोलले नाहीत. पुस्तक पुसून फळीवर ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माझ्यासमोर बसले. दुसऱ्या प्रयत्नात ते पास झाले.

किलिंगवर्थहून दक्षिणेला तासाभरावर शिल्डन आहे. तिथल्या रेल्वे संग्रहालयात दोन इंजिने आहेत. पहिले ‘लोकोमोशन’. १८२१ साली डार्लिंग्टनच्या एडवर्ड पीज या व्यापाऱ्याने कोळसा स्टॉकटनच्या बंदरावर न्यायला घोड्यांचा रूळमार्ग योजला होता. स्टीफन्सनने त्याला इंजिनाचे पटवून दिले. १८२३ साली बापलेकांनी पीजच्या भांडवलावर न्यूकॅसलला जगातला पहिला इंजिनांचा कारखाना काढला आणि त्याला एकोणीस वर्षांच्या रॉबर्टचे नाव दिले. २७ सप्टेंबर १८२५ रोजी ‘लोकोमोशन’ कोळसा, पीठ आणि शेकडो माणसे घेऊन शिल्डनहून निघाले. पुढे निशाण घेतलेला घोडेस्वार होता. उतारावर गाडीने ताशी पंधरा मैलांचा वेग घेतला, तेव्हा त्याला बाजूला व्हावे लागले. २०२५ साली या दिवसाला दोनशे वर्षे झाली. जावयाने सांगितले, की १९९० ते २००३ पर्यंत इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर याच रेल्वेचा डार्लिंग्टनचा पूल आणि स्टीफन्सनचे चित्र होते.

नोटेवर चित्र येण्याआधी त्याच माणसाची त्याच वर्षी काय दशा झाली होती, ते मात्र नोटेवर नव्हते. १८२५ च्या वसंतात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे विधेयक पार्लमेंटच्या समितीपुढे आले. जमीनदारांचा विरोध एवढा, की मोजणीदारांना रात्री चोरून मोजमापे घ्यावी लागली. ती चुकली. जमीनदारांचे वकील अल्डरसन यांनी स्टीफन्सनला आकड्यांवरून फाडून खाल्ले. त्याच्या खेडवळ बोलीची टर उडवली गेली. चॅट मॉस नावाच्या दलदलीवरून गाडी नेण्याच्या कल्पनेला तर वेड ठरवले गेले. विधेयक पडले आणि स्टीफन्सनचे कामही गेले. रॉबर्ट तेव्हा जवळ नव्हता. तो आदल्या वर्षीच दक्षिण अमेरिकेतल्या खाणींवर निघून गेला होता. बापाशी बिनसले म्हणून, की कामाच्या ओढीने, यावर चरित्रकार अजून वाद घालतात.

स्टीफन्सनचे बिनसायचेही लवकर. तो हट्टी होता, चूक कबूल करणे त्याला जमत नसे आणि हाताखालच्या हुशार तरुणांना त्यांच्या वाट्याचे श्रेय देताना त्याचा हात आखडायचा. ज्याला कोणी काही दिले नाही, तो मिळालेले घट्ट धरून बसतो. हे समर्थन नव्हे, पण कळते.

पुढच्या वर्षी विधेयक मंजूर झाले आणि काम पुन्हा त्याच्याकडेच आले. चॅट मॉसवर त्याने काटक्या आणि झुडपांच्या विणलेल्या ताट्या अंथरल्या, त्यावर भराव घातला. महिनोन्‌महिने दलदल भराव गिळत होती, तरी तो टाकतच राहिला. शेवटी रूळ तरंगल्यासारखे त्यावर बसले. आज मँचेस्टरकडे जाणारा मोटारींचा महामार्गही त्याच दलदलीवरून जातो. आम्ही गेलो तेव्हा नातू झोपला होता.

शिल्डनचे दुसरे इंजिन म्हणजे ‘रॉकेट’. आता ते काळपट आणि बोडके दिसते. पण ऑक्टोबर १८२९ मध्ये रेनहिलच्या शर्यतीत ते पिवळ्याधमक रंगात आणि पांढऱ्या धुराड्यासह उतरले होते. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर कोणते इंजिन लावायचे ते ठरवण्यासाठी पाचशे पौंडांचे बक्षीस होते. रॉबर्ट १८२७ साली परत आला होता आणि ‘रॉकेट’ बहुतांशी त्याच्या देखरेखीखाली बांधले गेले. त्यातली खुबी मी नातवाला आपल्या घरच्या बंबावरून सांगितली. तांब्याच्या बंबात मधोमध एक नळी असते, तिच्यात जाळ आणि भोवती पाणी. ‘रॉकेट’च्या बॉयलरमध्ये तांब्याच्या अशा पंचवीस नळ्या होत्या. जाळ पंचवीस वाटांनी पाण्यातून जाई, म्हणून वाफ झपाट्याने होई. ही कल्पना कंपनीचे चिटणीस हेन्री बूथ यांची. वापरलेली वाफ धुराड्यात सोडली, की ती भट्टीला वारा घाली. स्पर्धेत पूर्ण अंतर धावणारे ‘रॉकेट’ हे एकच इंजिन ठरले. सर्वाधिक वेग ताशी तीस मैलांच्या आसपास. नातवाने काचेला नाक लावून विचारले, की बंब म्हणजे काय. सौ. हसली आणि पुढचा अर्धा तास तिने बंबावर खर्च केला.

मँचेस्टरला त्या रेल्वेचे १८३० सालचे स्थानक अजून उभे आहे. तिथे आता विज्ञान आणि उद्योगाचे संग्रहालय आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजी या मार्गाचे उद्घाटन झाले आणि त्याच दिवशी विल्यम हस्किसन हे लिव्हरपूलचे खासदार वाटेत खाली उतरले असता ‘रॉकेट’खाली सापडले. स्टीफन्सनने स्वतः दुसऱ्या इंजिनावरून त्यांना ताशी पस्तीस मैलांच्या वेगाने नेले. इतक्या वेगाने त्यापूर्वी क्वचितच कोणी प्रवास केला असेल. हस्किसन वाचले नाहीत. आगगाडीचा वेग आणि तिने घेतलेला बळी एकाच दिवशी जगाला दिसले.

याच मार्गाजवळच्या एका कारखान्यात आपल्या पहिल्या गाडीची इंजिने तयार झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली ती गाडी. त्या कंपनीचा सल्लागार अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन होता, आणि मुंबईत काम पाहणारे जेम्स बर्कली त्याच्याच तालमीत तयार झालेले. भोर घाट आणि थळ घाट बर्कलींनी आखले, आणि ते फोडताना हजारो मजूर पटकीने आणि अपघातांनी मेले. त्यांची नावे कोणत्याही नोटेवर येणार नाहीत. स्टीफन्सनने खाणीतल्या रुळांवरून उचललेले चार फूट साडेआठ इंचांचे अंतर आपल्या मोठ्या रेल्वेने घेतले नाही. आपण साडेपाच फूट घेतले. पण पुण्याची मेट्रो आज त्याच खाणीच्या मापावर धावते.

वाटेत दोन दिवस आम्ही यॉर्कशरच्या माळरानावर काढले. पिकरिंग ते व्हिटबी हा मार्ग स्टीफन्सननेच आखला आणि १८३६ साली त्यावरून घोड्यांनी ओढलेल्या गाड्या सुरू झाल्या. आता पिकरिंग ते ग्रॉसमॉन्ट असा एकोणतीस किलोमीटरचा भाग हौशी स्वयंसेवक वाफेच्या इंजिनांवर चालवतात. ग्रॉसमॉन्टला घोड्यांच्या काळातला अरुंद बोगदा आहे. तो पायी ओलांडला, की इंजिनांची शेड लागते. बोगद्यातून बाहेर आलो आणि तो वास आला. ओला कोळसा, गरम तेल आणि वाफ. पाळीवरून आलेल्या आप्पांच्या कपड्यांचा वास! मी पुण्याला इंजिनिअरिंगला असताना ते एकदा वसतिगृहावर मला भेटायला आले होते. मित्रांनी विचारले तेव्हा मी एवढेच म्हणालो, की वडील रेल्वेत असतात. आप्पा शेजारीच उभे होते. इंजिनावर असतात, हे मी गाळले ते त्यांना समजले असणार. त्यावर आम्ही कधी बोललो नाही, आणि आता बोलता येणार नाही.

शेवटचा मुक्काम चेस्टरफील्ड. १८३८ नंतर स्टीफन्सन इथल्या टॅप्टन हाऊस या मोठ्या घरात राहिला. बोगदा खणताना कोळसा लागला म्हणून त्याने खाणी काढल्या, चुन्याच्या भट्ट्या घातल्या आणि म्हातारपणी बागकामाला वाहून घेतले. तो अननस आणि कलिंगडाच्या जातीची फळे काचघरात पिकवी, आणि काकड्या वाकड्या वाढतात याचा राग येऊन त्याने त्यांच्यासाठी काचेच्या सरळ नळ्या करवून घेतल्या. सरदारकी त्याने नाकारली. १८४७ साली यंत्र अभियंत्यांची संस्था स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच वर्षी रॉबर्ट खासदार म्हणून निवडून आला. बापाच्या बोलीची जिथे टर उडवली गेली होती त्या पार्लमेंटमध्ये तो बसला. १२ ऑगस्ट १८४८ रोजी सदुसष्टाव्या वर्षी जॉर्ज गेला. चेस्टरफील्डच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये त्याला पुरले आहे. रॉबर्टला १८५९ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळाली. मोठेपणी रॉबर्ट आपल्या यशात बापाचा वाटा उघडपणे सांगत असे.

चेस्टरफील्ड स्टेशनाबाहेर स्टीफन्सनचा पुतळा आहे. त्याच्या पायथ्याशी बसून आम्ही डबा उघडला. नातवाने विचारले, की हा मोठा माणूस फायरमनचा मुलगा होता, तसे आपल्या घरी कोणी होते का? मी म्हणालो, मी. मग आप्पांचे सगळे सांगितले. शेड, फावडे, पितळेची पाटी, आपटलेले पुस्तक आणि पुण्याच्या वसतिगृहात मी जे गाळले तेही. तो मन लावून ऐकत होता. ग्लासगो लीड्सपासून किती लांब आहे ते त्याने बापाला विचारले, आणि पुढच्या सुट्टीत तिथे जायचे ठरवून टाकले.